दोनशे वर्षे पेठेची, महाबळेश्वरची नव्हेत

संपादक महोदय,

माल्कम पेठेची, म्हणजे महाबळेश्वरला इंग्रजांनी वसवलेल्या थंड हवेच्या ठिकाणाची, द्विशताब्दी आता फार लांब नाही. वारसा जपणारी मंडळी तयारीला लागतील, तेव्हा स्मरणिका आणि रोषणाईच्या आधी फलकावरचा मजकूर ठरवावा, एवढ्यासाठी हे पत्र. ‘महाबळेश्वरची २०० वर्षे’ असे कृपया कुठेही लिहू नये. क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे देवळाचे जुने गाव, त्याहून कितीतरी जुने आहे. जिजाऊसाहेबांची तुळा तिथे १६६५ साली झाली. वयाची दोनशे वर्षे भरताहेत ती फक्त इंग्रजांनी वसवलेल्या पेठेची.

तीही एकट्या मुंबईच्या गव्हर्नर माल्कमची करामत नव्हती. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी १८२९ च्या करारात डोंगराचा हा भाग ईस्ट इंडिया कंपनीला दिला आणि बदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव घेतले. साताऱ्याहून वर येणारा रस्ताही महाराजांनीच करवून घेतला. पुढे दहा वर्षांत, १८३९ मध्ये, त्याच कंपनीने त्यांना गादीवरून काढून काशीला धाडले. उत्सवी भाषणांत हा भाग सहसा वगळला जातो. माल्कमचे नाव मात्र पेठेला चिकटले ते चिकटलेच.

आणखी एक गोष्ट. इथल्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले असत. बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे त्यांनी पिकवले, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. आज त्यांची खूण काय, तर एका धबधब्याचे नाव! जंगलाच्या कोळशावर लोखंड गाळणारे धावड तर त्या नावातही नाहीत. लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी १८२४ मध्ये डोंगर चढून आला म्हणून त्याच्या नावाचा पॉइंट आणि त्यावर स्मारकाचा खांब आहे. ज्यांच्या पिढ्या इथेच राबल्या त्यांच्यासाठी निदान एक फलक तरी हवा. खर्चाच्या नावाने रडण्यासारखे त्यात काही नाही.

स्मरणिका काढायचीच असेल, तर जाहिरातींची पाने थोडी कमी करून एखाद्या मोडी वाचकाला पुण्याच्या पुराभिलेखागारात बसवावे. करारापूर्वी आणि नंतर सातारा दरबारात काय लिहिले-बोलले गेले ते मराठीत छापावे. इंग्रजांची बाजू गॅझेटियरमध्ये कधीचीच छापून आली आहे. मोडी वाचायला वेळ लागतो, म्हणून हे काम याच वर्षी सुरू व्हावे.

आपला,
एक वाचक