काऊ-चिऊच्या सावल्या

खानापूर
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

गॅदरिंगसाठी एक मिनिटाचा ॲनिमेशनपट करायचा म्हणतोस, आणि त्याआधी जगभरातल्या कुठल्या फिल्म बघू म्हणून विचारतोस. सांगते. पण आधी एक गोष्ट पक्की कर. चित्रं रंगवत बसू नकोस, कागद कापून खालून उजेड टाक आणि काळ्या सावल्यांची फिल्म कर. सेकंदाला 12 फोटो धरले तर मिनिटाला 720 होतात. तेवढी चित्रं काढायची म्हणजे सहामाहीनंतरचा सगळा अभ्यास बुडाला. कापलेली एक चिमणी मात्र सगळ्या फोटोंना पुरते, हलवायचे ते फक्त तिचे सांधे.

गोष्ट काऊ-चिऊची निवडलीस ते फार चांगलं केलंस. तुझ्या वसतिगृहातल्या कन्नड मुलांनी हीच गोष्ट कागक्का-गुब्बक्का म्हणून ऐकलेली असणार. म्हणून फिल्ममध्ये एकही शब्द नको. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ हे सांगायचं नाही, खिडकीतून दाखवायचं. मग मराठी मुलं आणि कन्नड मुलं एकाच जागी हसतील.

पहिली फिल्म बघ लोट्टे रायनिगर यांची, ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अख्मेद’. जर्मनीतली, 1926 सालची. पूर्ण लांबीच्या ज्या ॲनिमेशन फिल्म आज शिल्लक आहेत त्यांत ही सगळ्यात जुनी. अर्जेंटिनात 1917 साली कापलेल्या आकृत्यांचीच ‘एल आपोस्तोल’ झाली होती, पण तिची आज एकही प्रत नाही. रायनिगरबाईंना 65 मिनिटांसाठी तीन वर्षं लागली. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कापून, तारेने सांधे जोडून, त्या बाहुल्या काचेवर आडव्या निजवायच्या. दिवा काचेखाली, कॅमेरा वर. आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या तोगलु गोंबेच्या किंवा कोकणातल्या पिंगुळीच्या, चामड्याच्या बाहुल्यांत बाहुली पडद्यामागे काठीवर उभी असते, आणि खेळवणाऱ्याचा हात त्याच क्षणी तिला हलवतो. इथे बाहुली निजलेली असते. हात येतो, तिला केसभर सरकवतो, बाजूला होतो, मग फोटो. बघताना आवाज बंद ठेव आणि एकच बघ, कोण काय करतंय ते नुसत्या कडेवरून कसं कळतं. त्यांची पात्रं बहुतेक वेळा बाजूने दिसतात, कारण समोरून काळा चेहरा म्हणजे नुसता गोळा.

तुझी पहिली अडचण इथेच आहे. काळ्या सावलीत कावळा आणि चिमणी दोघंही काळे. लहान-मोठं केल्याने भागत नाही, कारण कावळा लांब उभा असला की तोही लहानच दिसतो. फरक कडेत हवा. कावळ्याची चोच लांब आणि जाड, कपाळ चपटं, शेपूट लांब. चिमणीची चोच आखूड तिकोनी, मान जवळजवळ नाहीच, पोट गोल. कापून झाल्यावर दोघांना खिडकीच्या काचेवर लाव आणि दहा पावलं मागे जाऊन बघ. ओळखू आले नाहीत तर परत काप.

पुठ्ठा विकत आणायची गरज नाही, जुन्या लग्नपत्रिकांचा कागद नेमका हवा तेवढा जाड असतो. चिमणी 12 सेंटिमीटर, कावळा 16. प्रत्येकाचे आठ तुकडे: धड, डोकं, खालची चोच, पंखाचे दोन भाग, शेपूट, दोन पाय. सांध्याजवळ दोन्ही तुकड्यांची टोकं गोल ठेव आणि निदान 8 मिलिमीटर एकमेकांवर येऊ दे. नाहीतर पंख उचलला की मधे उजेडाची फट दिसते आणि पाखरू मोडल्यासारखं वाटतं. सांध्याला मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची तांब्याची बारीक तार घे. भोकातून ओवून दोन्ही बाजूंना वळवून चपटी कर, वर चिकटपट्टी लाव. सांधा घट्ट झाला तर पंख हलवताना आख्खं पाखरू फिरतं. सैल झाला तर डोकं हलवताना पंख आपोआप सरकतो आणि तुला कळतही नाही. पंख बोटाने सरकवला की तिथेच राहावा, एवढाच घट्ट हवा. कागद हलका असल्याने कडा वर उचलतात आणि सावली पुसट होते. म्हणून धडाखाली रुपयाचं नाणं चिकटव. शिसं मात्र वापरू नकोस, ते विषारी आहे.

टेबल असं मांड. दोन बाजूंना विटांचे दीड फूट उंच थर, त्यांवर 5 मिलिमीटर जाडीची दोन फूट बाय दीड फूट काच. काचवाल्याकडून कडा घासून घे. खाली जमिनीवर पांढरा कागद पसरून एक एलईडी बल्ब ठेव, काचेवर एक ट्रेसिंग पेपर ताणून चिकटव. मधे जास्त उजेड पडून गोल ठिपका दिसला तर बल्ब भिंतीकडे वळव. डोंगर आणि झाडं पतंगाच्या पांढऱ्या कागदाची कर. एक थर म्हणजे लांबचा डोंगर, तीन-चार थर म्हणजे जवळचा. रायनिगरबाईंनीही असेच पातळ कागदाचे थर वापरले होते.

फोन वर फळीला बांधून टाक, फ्लाइट मोडवर ठेव, आणि फोकस व उजेड दोन्ही लॉक कर. हे लॉक विसरलास तर चिमणी हलली की फोन स्वतःच उजेड कमी-जास्त करतो आणि सगळी फिल्म लुकलुकते. बटण फोनवर दाबू नकोस. वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण बऱ्याच फोनमध्ये फोटो काढतं. खोली अंधारी, पंखा बंद, अंगात गडद शर्ट. पांढऱ्या शर्टाचा उजेड काचेत उतरतो. इन्व्हर्टरवर उजेड बदलतो, म्हणून लाईट गेली की काम थांबव, पण काचेला हात लावू नकोस.

आता हालचाल. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक फोटोला सारखंच अंतर सरकवणं. कावळा उडाला तर पहिल्या फोटोला 2 मिलिमीटर, मग 4, मग 8, पुन्हा 8, आणि बसताना 4, 2. सारखं अंतर ठेवलं की पाखरू दोरीवरून ओढल्यासारखं सरकतं. कावळ्याच्या पंखाच्या एका फेरीला सहा फोटो दे, चिमणीला तीन. थांबायचं तिथे खरंच थांब. दाराबाहेर कावळा भिजत उभा आहे तेव्हा 15 फोटो तो तसाच राहू दे, नुसती मान किंचित खाली. चेकोस्लोव्हाकियाच्या यिरी त्र्न्का यांची 1965 ची ‘द हँड’ यासाठी बघ. त्यातल्या लाकडी बाहुलीचा चेहरा कधीच बदलत नाही, तरी तिची भीती कळते, ती डोकं कलण्यातून आणि प्रकाशातून.

शेणाचं घर वाहून जाणं हा तुझ्या फिल्मचा जीव आहे. ते पुठ्ठ्याचं करू नकोस. बारीक वाळू चहाच्या गाळणीतून चाळून काचेवर घराच्या आकारात पसर, आणि दर फोटोला कोरड्या ब्रशने छपरापासून थोडी थोडी खाली ओढ. एकदा ओढलेली वाळू परत तशीच लावता येत नाही, म्हणून हा भाग एका बैठकीत संपव. कॅरोलिन लीफ यांनी 1974 साली ‘द आऊल हू मॅरीड अ गूज’ ही उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची लोककथा अशाच खालून उजळलेल्या वाळूत केली. तिच्यात एका पाखराचं दुसरं पाखरू होताना बघ, मग वाळूची भीती जाईल. मेणाचं घर ट्रेसिंग पेपरच्या तीन थरांचं कर. ते आतून उजळलेलं दिसेल, आणि बाळाला अंघोळ घालणाऱ्या चिमणीची सावली त्यातून दिसेल. पाऊस म्हणजे पारदर्शक शीटवर काळ्या पेनाच्या तिरक्या रेघा. अशा तीन शीट कर आणि 1, 3, 2, 1, 2, 3 अशा फिरव. एकाच क्रमाने फिरवल्यास तर पाऊस घड्याळासारखा वाटतो.

पाऊस थांबल्यावरच्या धुक्यासाठी युरी नॉर्स्टाइन यांची 1975 ची ‘हेजहॉग इन द फॉग’ बघ, दहाच मिनिटांची आहे. त्यातलं धुकं म्हणजे एक अतिशय पातळ कागद. तो चित्रावर टेकवला की खालचं दिसतं, आणि हळूहळू कॅमेऱ्याकडे उचलत नेला की चित्र विरत जातं. हे तू उरलेल्या ट्रेसिंग पेपरवर अर्ध्या तासात करून बघू शकतोस. मला सगळ्या फिल्मांत हीच सगळ्यात जवळची वाटते.

बाकीच्या भराभर सांगते. एमिल कोल यांची 1908 ची ‘फँटास्मागोरी’, सुमारे 700 चित्रांची. स्तारेविच यांची 1912 ची ‘द कॅमेरामन्स रिव्हेंज’. त्यातले नट म्हणजे खरे मेलेले किडे. नॉर्मन मॅक्लॅरन यांची 1952 ची ‘नेबर्स’, जिवंत माणसंच फोटो-फोटोने सरकवलेली. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही आगकाड्या अशाच हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती, हे सरांना सांग. ‘फँटास्टिक प्लॅनेट’ मात्र मोठा झाल्यावर बघ.

720 फोटो असे वाट: सुरुवात 96, पाऊस आणि घर वाहणं 180, दार ठोठावणं आणि थांबणं 300, आत येणं 144. तासाला 45 फोटो झाले तरी पुष्कळ, म्हणजे 16 तास. रविवारचे तीन तास धरले तर सहा रविवार. त्याआधी एका रविवारी फक्त 24 फोटो काढ, चालवून बघ, आणि ते टाकून दे. आवाज शेवटी भर. सुपात तांदूळ फिरवले की पाऊस, पाटावर बोटं वाजवली की दार.

पत्रिका, तार आणि चाळलेली वाळू शनिवारी बाबांबरोबर पाठवते. काच तिथेच बेळगावात घे, एसटीत फुटेल.

तुझी
आई