विषय : गच्चीची किल्ली, गच्चीवरची टाकी आणि २५ रुपयांचं तिकीट

दि. ९ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक
(हे पत्र विक्री विभागाकडे किंवा 'कस्टमर डिलाइट' विभागाकडे सरकवू नये.)

संदर्भ : माझ्या ३ मार्च, १७ मार्च, २ एप्रिल आणि २१ एप्रिलच्या ईमेल. आपलं उत्तर : एकही नाही. मंगळवारचा फोन धरायचा असेल तर एक.

महोदय,

पेंटहाऊस क्रमांक ७०१, शनिवार पेठ. प्रकल्प आपला, नकाशे आपले, करारनामा आपल्याच वकिलांनी केलेला. तेव्हा गच्ची किती आणि कुठे, हे आपल्याला नव्याने सांगत बसत नाही. थेट मंगळवारच्या फोनवर येतो.

सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी फोन लावला. सतरा मिनिटं सनई ऐकली. (होल्डवर सनई लावण्याची कल्पना ज्यांची असेल त्यांना सांगा, लग्न लागून गेलंय, आता आहेर परत मागायची वेळ आली आहे.) मग एक तरुण गृहस्थ आले. "हां अंकल, बोला." मी नाव, फ्लॅट नंबर आणि चारही ईमेलच्या तारखा सांगितल्या. "अंकल, इश्यू काय आहे एक्झॅक्टली?" मी म्हटलं, आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर 'खासगी गच्चीतून शनिवारवाड्याचं दर्शन' असं छापलंय. माझी गच्ची खासगी नाही आणि तिच्यातून दर्शनही होत नाही. "अंकल, ते आर्टिस्टिक इम्प्रेशन असतं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं." मी म्हटलं, मी ३४ वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक होतो, चित्र कशाला म्हणतात आणि नकाशा कशाला ते मला कळतं, करारनाम्याला जोडलेल्या नकाशात गच्ची आहे, टाकी नाही. इथे कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. मला वाटलं, लिहून घेतायत. तेवढ्यात त्यांनी शेजारच्या कुणाला तरी विचारलं, "अरे, चहा सांगितला का?" आणि मग मला म्हणाले,

"अंकल, असं आहे ना, तुम्हाला शनिवारवाडाच बघायचा असेल तर तिकीट काढून बघता येतो. जवळच आहे तुम्हाला. पंचवीसच रुपये आहे."

मागे कुणीतरी हसलं. एक जण की दोघं, ते नक्की सांगता येणार नाही, पण हसलं.

१ कोटी ९० लाख रुपये मोजलेल्या माणसाला आपली कंपनी २५ रुपयांचं तिकीट सुचवते. ऑनलाइन काढलं तर ते २० रुपयांतच मिळतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. "ओके अंकल, थँक्यू फॉर द इन्फो," म्हणाले आणि फोन ठेवला. तक्रार क्रमांक दिला नाही. पाच मिनिटांनी मोबाईलवर मेसेज आला : आपला अनुभव कसा होता, १ ते ५ तारे द्या. मी काही दिलं नाही. हे पत्र देतोय.

आता त्या दर्शनाविषयी. माहितीपत्रकावर जे चित्र आहे त्यात गच्चीत एक जोडपं कॉफी पीत बसलंय आणि समोर दिल्ली दरवाजा, अगदी हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ठोकलेल्या खिळ्यांसकट. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. आपली इमारत वाड्याच्या नैऋत्येला. माझ्या गच्चीतून ते खिळे दिसायचे असतील तर इमारत उचलून नदीकडे न्यावी लागेल किंवा वाडा फिरवावा लागेल. हे मी बुकिंगच्या वेळीच ओळखलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, दरवाजा नाही तर नाही, तटाचा कोपरा आणि एखादा बुरूज दिसला तरी पुष्कळ. तेवढा खरोखर दिसला असता. ईशान्येकडे. आणि ईशान्येच्या कोपऱ्यातच आपण दहा हजार लिटरची पाण्याची टाकी बांधलीत. माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर 'संपूर्ण वास्तुशास्त्रानुसार रचना' असंही आहे. माझा त्या शास्त्रावर विश्वास नाही, पण ईशान्येला डोक्यावर टाकी ठेवणाऱ्याचा तर मुळीच नसावा.

अंतराची तर निराळीच गंमत. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, हा कायदा आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. म्हणून परवानगी काढताना आपली इमारत ३०० मीटरच्या पलीकडे असते आणि फ्लॅट विकताना 'पेशव्यांच्या अंगणात, चालत २ मिनिटांवर' असते.

किल्लीचं सांगतो. करारनाम्यात 'संलग्न खुली गच्ची ६४० चौरस फूट, फक्त फ्लॅट ७०१ च्या वापरासाठी' असं आहे. प्रत्यक्षात गच्चीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली खाली वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला, निळ्या नायलॉनच्या दोरीत, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर 'टेरेस, कंपनी' असं लिहून. वर जायचं तर रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि कारण लिहायचं. कारणाच्या रकान्यात मी आतापर्यंत तीनदा 'माझी आहे' असं लिहिलंय. रजिस्टर मागवून पाहा.

एप्रिलमध्ये आमच्या सौ.ने कुरडयांचा घाट घातला. तीन दिवस गहू भिजवले, वाटून चीक काढला, पहाटे उठून शिजवला. सोऱ्या, प्लॅस्टिकचा कागद, पातेलं घेऊन ती वरच्या जिन्यात उभी, आणि किल्ली घेऊन लिफ्टचा मेकॅनिक गेलेला नाश्त्याला. कुरडई गरम चिकाची घालायची असते. पाऊण तासाने किल्ली आली तेव्हा चीक पातेल्यात थिजून वीट झाला होता. ती मला काही बोलली नाही. पातेलं घासायला टाकलं आणि दुपारी जेवली नाही. 'लक्झरी लाइफस्टाइल' हा शब्द आपण माहितीपत्रकात किती वेळा वापरलाय ते मोजून बघा.

टाकीकडे परत येतो, कारण ती गळते. माझ्या बेडरूमच्या छताला, कपाटाच्या वर, मार्चमध्ये ताटाएवढा डाग होता. आता परातीएवढा आहे. आपल्याला आठवत नसेल, पण बुकिंगच्या दिवशी मी आपल्या माणसाला सांगितलं होतं की १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही याच पेठेत दोन खणांत राहत होतो. मी चार वर्षांचा होतो, वडिलांच्या खांद्यावर बसून बाहेर पडलो, आणि मागे वाड्याची मातीची भिंत बसली. आपला माणूस म्हणाला होता, "काका, आता सातव्या मजल्यावर पाणी यायचं नाही." (तेव्हा मी काका होतो.) पानशेतचं नाही आलं. आपलं आलं.

खालच्या लॉबीतल्या 'पेशवेकालीन' सुरूच्या खांबांबद्दल फार लिहीत नाही. एकाला दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची तीनचाकी लागली आणि आतला थर्माकोल बाहेर आला.

शनिवारवाड्याचा पाया १७३० ला घातला आणि १७३२ ला वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये सांगतात. माझं पार्किंगच ५ लाखांचं आहे. बुकिंग २०२१ च्या दसऱ्याचं, ताबा दिलात फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणि किल्ली मे उजाडला तरी नाही. किल्लीबद्दल वर लिहिलं आहेच, तरी पुन्हा लिहितो, कारण चार ईमेलमध्ये लिहूनही कुणी वाचलेलं दिसत नाही : किल्ली वॉचमनकडे नको, माझ्याकडे हवी.

खरं सांगायचं तर राग फोनवरच्या मुलाचा नाही. माझी बहीण कोथरूडला आपण १९९२ साली बांधलेल्या इमारतीत राहते. तेहतीस पावसाळे झाले, एक थेंब नाही. ते बघून मी तिथलाच माझा फ्लॅट विकला आणि डोळे मिटून आपल्याला चेक दिला. आता बहीण विचारते, टाकीचं काय झालं, आणि मी विषय बदलतो.

तर पंधरा दिवसांत किल्ली माझ्या हातात, टाकी मंजूर नकाशात आहे तिथे, आणि गळती बंद. रेराचं, म्हणजे घरखरेदीच्या स्थावर मालमत्ता कायद्याचं, कलम १४ आपल्याला पाठ असेल : संमतीशिवाय नकाशात बदल नाही, आणि पाच वर्षांतला बांधकामाचा दोष तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. खोट्या जाहिरातीसाठी कलम १२ आहे. पंधरा दिवसांत झालं नाही तर पाच हजार रुपये फी भरून महारेराकडे जातो. ग्राहक पंचायत १९७४ साली याच पुण्यात सुरू झाली, तिथेही जातो. दोन्हीकडे जायला मला वेळ आहे, मी निवृत्त आहे.

शिवाय सहाव्या मजल्यावरचे आपले दोन फ्लॅट अजून विकायचे आहेत आणि रविवारी अकरा वाजता गिऱ्हाइकं येतात, हे मला दिसतं. येत्या रविवारपासून लॉबीत, त्या थर्माकोलच्या खांबाशेजारी, खुर्ची टाकून बसणार आहे. माझ्या बाल्कनीला पाटीही लागेल. मजकूर तयार आहे : 'या इमारतीतून शनिवारवाडा दिसत नाही. दाखवा म्हणू नये.' अक्षर माझं चांगलं आहे. ३४ वर्षांची सवय.

फ्लॅट ७०१

ता. क. बुधवारी आपल्या माणसाच्या सल्ल्याप्रमाणे तिकीट काढून वाड्यात जाऊन आलो. तटावरून आपली इमारत स्वच्छ दिसते. टाकीसकट.