बाईंच्या वह्या जपल्यात, वहिनी

पुणे, ३ जानेवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाई गेल्यावर माळ्यावरचा त्यांच्या वह्यांचा ढीग रद्दीवाल्याच्या काट्यावर चढला नाही, त्याचे आभार मानायला हे पत्र. ते उघड लिहितो आहोत, कारण शिक्षकांच्या घरोघरी अशा वह्या असतात आणि बहुतेक ठिकाणी त्या किलोच्या भावानं जातात.

आधी तुम्ही काय केलंत ते. पावसाळ्यात ओल धरलेल्या वह्या तुम्ही उन्हात टाकल्या नाहीत. बाई शाईच्या पेनानं लिहीत, आणि ती निळी शाई कडक उन्हात फिकी पडते. पंख्याखाली, सावलीत, पानं किंचित उकलून तुम्ही त्या उभ्या वाळवल्यात. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावली नाहीत. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि सोलताना अक्षरं घेऊन निघते. गंजलेल्या टाचण्या काढल्यात, पण त्यांनी धरलेले कपटे होते त्याच पानांत ठेवलेत. हे सगळ्यांत मोलाचं. एका कपट्यावर नुसतं ‘३६४’ लिहिलंय. तो कुठल्या पानाचा हे हरवलं असतं, तर त्या आकड्याला काही अर्थ उरला नसता.

बाईंच्या टाचणवह्या, म्हणजे रोजच्या पाठाच्या तयारीच्या वह्या, पुढून पाहिल्या तर चारचौघांसारख्याच आहेत: घटक, उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, खाली मुख्याध्यापकांची सही. वही उलटी धरून मागून उघडली की खरी वही सुरू होते. तिथं तीन रकाने आहेत: मुलानं काय लिहिलं, का लिहिलं असेल, उद्या काय करायचं. मुलांची नावं नाहीत, फक्त हजेरी क्रमांक. मधला रकाना भरल्याशिवाय तिसरा भरायचा नाही, हा बाईंचा दंडक दिसतो. कित्येक ठिकाणी मधला रकाना चार-चार दिवस कोरा आहे आणि मग वेगळ्या शाईत भरलाय.

तो ‘३६४’ म्हणजे ५०३ वजा २६७ चं एका मुलाचं उत्तर. मधल्या रकान्यात आहे: ‘मोठ्यातून लहान काढतो. ५ तून २, ६ तून ०, ७ तून ३. नियम पाळतोय, नियमच चुकीचा.’ उपाय म्हणून खराट्याचे हीर, बोटभर लांबीचे तोडलेले. दहांची जुडी रबरानं बांधलेली, दहा जुड्यांचा भारा सुतळीनं. मुलासमोर ५ भारे आणि ३ सुटे ठेवायचे आणि ७ सुटे मागायचे. त्याच्याकडे तेवढे सुटे नाहीत, आणि सोडायला जुडीही नाही. म्हणून एक भारा सोडून दहा जुड्या, त्यातली एक जुडी सोडून दहा सुटे. आता ४ भारे, ९ जुड्या, १३ सुटे. त्यातून २, ६ आणि ७ उचलले की २३६ उरतात. खाली अधोरेखित सूचना: ‘रबर मुलाच्याच हातानं सुटलं पाहिजे. आपण सोडलं की तास फुकट.’ दशकाच्या घरात शून्य असलेली उदाहरणं पहिल्या आठवड्यात द्यायचीच नाहीत, असंही बजावलंय, आणि ते रास्त आहे. एका वेळी दोन गाठी सोडणं हे निराळं काम आहे.

ह्याच वजाबाकीपाशी बाई आजी म्हणून भेटतात. त्यांच्या पिढीची रीत वेगळी: १३ तून ७ गेले ६, हातचा एक खालच्या ६ मध्ये मिळवून ७, १० तून ७ गेले ३, पुन्हा हातचा, ५ तून ३ गेले २. उत्तर तेच. पण शाळेत वरचा दशक सोडायला शिकवतात आणि घरी आजी-आजोबा खाली हातचा मिळवतात. मूल मग एकाच गणितात वर कमीही करतं आणि खाली वाढवतंही. नातवाला घरी शिकवताना ठेवलेल्या वहीत बाईंनी स्वतःसाठी लिहून ठेवलंय: ‘त्याच्यासमोर माझी रीत वापरायची नाही.’ चाळीस वर्षांची बोटांवरची सवय आवरणं सोपं नसतं. दोन ठिकाणी सवय जिंकलेली दिसते; तिथं खाडाखोड आहे.

मंडईत मात्र त्यांनी जुनं हत्यार बाहेर काढलं. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा ते अडीचपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे. २८ रुपये किलोचे बटाटे अडीच किलो: आधी दोन किलोचे ५६, मग अर्ध्याचे १४, झाले ७०. पाठांतर नंतर, तोडणं आधी, असा क्रम त्यांनी नातवासाठी लावला. पाढ्यांची नुसती घोकंपट्टी त्यांना पसंत नव्हती आणि पाढे सोडून देणंही नव्हतं.

संख्यावाचनाची पानं सगळ्यांत मळलेली आहेत. मराठीत सुटे आधी बोलतात आणि दशक मागून, म्हणून ‘सत्तेचाळीस’ ऐकून मूल ७४ लिहितं. ‘एकोणचाळीस’ ऐकून ४१ लिहितं, कारण त्याला एक ऐकू येतो आणि चाळीस ऐकू येतात. ‘एकोण’ म्हणजे एक उणा हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. १९ पासून ८९ पर्यंत एकोणच, आणि ९९ ला एकदम नव्याण्णव. तिथं हुशार मूल ‘एकोणशंभर’ म्हणतं. बाईंच्या मते ते शाबासकीचं उत्तर आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं आणि गावभर वाद झाला, तेव्हा बाईंनी फक्त एवढंच टिपलंय: ‘ऐकून लिहिताना चाळीस सात, बोलताना सत्तेचाळीस. दोन्ही म्हणून घ्यावं.’ वाद मिटवायला एवढं पुरेसं होतं असं आम्हांला वाटतं, पण असो.

अक्षरांचं पान प्रत्येक पहिलीच्या शिक्षिकेनं डोळ्यांखालून घालावं. वर्णमालेच्या क्रमानं लिहायला शिकवायचं नाही, वळणाच्या क्रमानं शिकवायचं: ग म भ न एकत्र, व ब क एकत्र, ट ठ ढ एकत्र. शिरोरेघ सगळा शब्द लिहून झाल्यावर. मूल प्रत्येक अक्षरावर आधीच टोपी घालतं, मग अक्षरं त्या टोपीला लोंबकळतात आणि शब्द तुटतो. पण शेवटी ओढलेली रेघ सरसकट गेली तरी घोटाळा होतो: ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’. ‘धार’ लिहायला गेलेलं मूल ‘घार’ लिहून बसतं. म्हणून रेघ ओढताना ‘ध’ आणि ‘भ’शी हात उचलायचा, तोंडानं ‘उडी’ म्हणायचं.

‘सर्प’चं ‘र्सप’ का होतं? ‘र्’ आधी ऐकू येतो, म्हणून मूल रफार आधीच्या अक्षरावर देतं. त्याचा कान बरोबर आहे, लिपीची रीत त्याला माहीत नाही. टाळी वाजवून ‘सर्’ आणि ‘प’ तोडायचे आणि ‘र्’ पुढच्याच्या खांद्यावर बसवायचा. दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना ह्या जोड्या चौथीसाठी राखून ठेवल्यात.

सगळंच पटलं असं नाही. सुरुवातीच्या वह्यांत डावखुऱ्या मुलांची पेन्सिल उजव्या हातात दिल्याच्या नोंदी आहेत. पण त्याच पानांवर नंतरच्या शाईत काट मारून लिहिलंय: ‘चूक माझी.’ पुढे सूचना येतात: डावखुऱ्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे कोपर आपटत नाही, वहीचं वरचं टोक उजवीकडे कलू द्या म्हणजे लिहिलेलं हाताखाली पुसत नाही.

आजची तारीख मुद्दाम निवडली. १८३१ साली आजच्या दिवशी सावित्रीबाईंचा जन्म झाला, आणि दर ३ जानेवारीला बाई वर्ग घेऊन पायी भिडेवाड्यासमोर जात. १८४८ ची मुलींची शाळा तिथली. रस्ता ओलांडायची तयारी पानभर आहे: लांब सुतळी, दर दोन हातांवर गाठ, गाठीला एक जोडी, रहदारीच्या बाजूला उंच मूल, आणि कुणी गाठ सोडली की सगळी रांग थांबणार. २०२३ च्या डिसेंबरात तो वाडा स्मारकासाठी पाडला गेला. गाठींची सुतळी तुम्ही वह्यांबरोबर पाठवलीत.

शुद्धलेखनाचं थोडक्यात. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, आणखी ४ नियम १९७२ साली. बाई स्वतः ‘नांव’, ‘पांच’ लिहीत शिकलेल्या. शिकवताना नवे नियम त्यांनी काटेकोर पाळले: शेवटचा इकार-उकार दीर्घ, पाटी आणि वाळू, ‘फूल’ दीर्घ पण ‘फुलाला’ ऱ्हस्व, अपवाद ‘आणि’. किराणाच्या यादीच्या कपट्यांवर मात्र शेवटपर्यंत ‘तांदूळ पांच किलो’ आहे. ते कपटेही तुम्ही ठेवलेत, हे बरं केलंत.

सगळ्या वह्या ३०० डीपीआयला स्कॅन करून झाल्या. मागच्या बाजूची पानं आम्ही इयत्तेप्रमाणे लावतो आहोत. छापील प्रत आधी तुमच्याकडे येईल. मूळ वह्या सुती कापडात बांधून परत देतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल कोंडते आणि मग कसर लागते.

नातवाची वही सर्वांत वर ठेवली आहे. तिच्या शेवटच्या नोंदीत पहिल्या रकान्यात त्याच्या अक्षरात ‘आजि’ असं आहे. मधल्या रकान्यात बाईंनी लिहिलंय: ‘आणि’वरून. तिसऱ्यात: ‘राहू दे.’

कळावे, लोभ असावा.

आपल्या,
पुण्यातल्या काही प्राथमिक शिक्षिका