गणवेशाच्या शिलाईत टाकेही ठरवून द्या

संपादक महोदय,

शाळा उघडून महिना होत नाही तोच हाफपँटचे आसन (दोन पायांमधली बसायची शिवण) आणि शर्टाची काख उसवते, आणि बोल कापडाला लागतो. नीट पाहिले तर कापड बहुधा शाबूत असते, दोरा तुटलेला असतो. नगावर मजुरी असली की टाका लांबतो. इंचात बाराऐवजी आठ टाके घातले तर तेवढ्याच वेळात दीडपट शिलाई होते. म्हणून शाळा व्यवस्थापन समित्यांनी बचत गटांना किंवा शिंप्यांना काम देताना टाक्यांची संख्याही लिहून द्यावी, आणि मजुरीही त्या हिशेबाने धरावी.

टेरिकॉटच्या शर्टाला इंचात १२ टाके, म्हणजे साधारण २ मिलिमीटरचा टाका, आणि १४ नंबरची सुई. हाफपँट, स्कर्टला १० चालतील. आसनाला मात्र १२ टाके आणि डबल टीपच हवी. मूल मांडी घालून बसले की सगळा ताण तिथे येतो. बारीक टाक्यात इंचामागे दोरा जास्त जातो, म्हणून ती शिलाई थोडी ताण खाते. लांब टाक्याचा दोरा तटकन तुटतो. खालच्या दुमडीला ८ पुरे, पुढच्या वर्षी ती उसवून उंची वाढवायचीच असते.

पण बारीक म्हणजे पक्के, असेही नाही. इंचात १८-२० टाके घातले तर सुईची भोके इतकी जवळ येतात की कापड शिलाईच्या रेषेतच फाटते. शिवाय चुण्या पडतात, त्या इस्त्रीने जात नाहीत. खेळाच्या होजियरी (विणीच्या, ताणणाऱ्या कापडाच्या) टी-शर्टला साधी सरळ टीप मारूच नये. ओव्हरलॉक (कड गुंफत जाणारी शिलाई) किंवा अरुंद झिगझॅग (नागमोडी टाका) घ्यावा.

मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नये. त्याच कापडाचा तुकडा दुहेरी धरून टीप मारावी, टेप लावून एका इंचातले टाके मोजावेत. मग दोन्ही पदर आडवे ओढावेत. फटीत दोरा दिसला तर टाके बरोबर असूनही दोऱ्याचा ताण सैल आहे. खालचा दोरा सरळ तारेसारखा पडला असेल तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा वाढवावा. तयार मालातले दोन-तीन नग समितीनेही असेच तपासून घ्यावेत, आणि पहिल्यांदा आसन पाहावे.

– एक शिवणशिक्षिका, सांगली