आधी वजन, मग पलंग: काकांना एक अनावृत पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, बांधून झाली. पाण्याची टाकी भरून, सगळं सामान आत ठेवून ती वजनकाट्यावर चढवली तेव्हा ९७८ किलो भरली आणि कपलिंगवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या हुकाला अडकणाऱ्या जोडावर, ६२ किलोचा भार आला. १००० किलोच्या आत राहायचं हे आपलं पहिल्यापासून ठरलं होतं. हे आकडे तुम्हाला फोनवर कळवलेच आहेत. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण स्वतःच्या हातांनी कॅरॅव्हान बांधू पाहणाऱ्या किती तरी जणांना तुमच्यासारखं माणूस भेटत नाही. तुम्ही जे शिकवलंत ते माझ्या एकटीपाशी राहू नये असं मला मनापासून वाटतं.

तुमची उमेदीची सगळी वर्षं बसच्या बॉड्या बांधण्यात गेली. मी आराखडा घेऊन आले तेव्हा त्यात पलंग, ओटा, खिडक्या सगळं रंगवलेलं होतं. तुम्ही तो कौतुकाने पाहिलात आणि विचारलंत, "यातल्या कशाचं वजन किती?" मग एक कोरी वही पुढे केलीत. त्या वहीतूनच ही कॅरॅव्हान उभी राहिली.

वहीतला हिशोब सगळ्यांसाठी इथे मांडते. प्रत्येक वस्तूचं वजन लिहायचं आणि ती ॲक्सलपासून, म्हणजे चाकांच्या आसापासून, किती अंतरावर आहे ते लिहायचं. ॲक्सलच्या पुढे असेल तर अधिक, मागे असेल तर उणे. दोन्हींचा गुणाकार करायचा, सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला ॲक्सल ते कपलिंग या अंतराने भागायचं. जे उत्तर येतं तो कपलिंगवरचा भार. गाडीमागे कॅरॅव्हान ओढण्याचा युरोपातला प्रघात असा, की हा भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. अमेरिकेत १० ते १५ टक्के धरतात. शिवाय ओढणाऱ्या गाडीच्या हुकाची स्वतःची मर्यादा असते, ती ओलांडायची नाही. भार फार कमी झाला तर वेग वाढताच कॅरॅव्हानचं शेपूट डोलायला लागतं, आणि ते डोलणं पुढच्या गाडीलाही फरफटत नेऊ शकतं.

पाण्याच्या टाकीचं उदाहरण तुम्ही मला माझ्याच हाताने सोडवायला लावलंत. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. टाकी मागच्या भिंतीशी, ॲक्सलपासून दीड मीटरवर ठेवली की गुणाकार उणे ९०. आपलं कपलिंग ॲक्सलपासून ३ मीटरवर. म्हणजे टाकी भरली की कपलिंगवरचे ३० किलो गायब, जवळजवळ निम्मा भार! तीच टाकी ॲक्सलच्या पुढे जेमतेम वीतभर ठेवली की भरलेली असो वा रिकामी, फरक ४ किलोंचा. मागच्या भिंतीशी नळाची जोडणी सोपी होती, पण त्या एका गणितानंतर तिथे टाकी ठेवण्याचा विचारही मनात आला नाही.

पण नुसता तोल जमला म्हणजे झालं नाही, हे समजायला मला तुमची लोखंडी नळी लागली. नळीच्या दोन्ही टोकांना सुतळीने एकेक वीट बांधलीत, मधोमध धरून ती फिरवायला लावलीत आणि म्हणालात, "आता थांबव." मनगट पिळवटलं. मग त्याच दोन विटा माझ्या मुठीजवळ सरकवून बांधल्यात. वजन तेवढंच, तोलही तसाच, पण या वेळी नळी चटकन थांबली. म्हणूनच बॅटरी, टाकी, फ्रिज, हत्यारांची पेटी असं सगळं जड सामान ॲक्सलच्या आसपास, जमिनीलगत आणि डाव्या-उजव्या अंगाला समतोल बसवलं. पुढे जड गॅसपेटी आणि तिला तोलायला मागे जड कपाट, अशी मांडणी काट्यावर बरोबर दिसते. वळणावर आणि वाऱ्यात ती घातक ठरते. माझ्या मते कॅरॅव्हान बांधणाऱ्याने दुसरं काही नाही शिकलं तरी एवढं शिकावंच.

चासीच्या बाबतीत तुम्ही कसलीच तडजोड करू दिली नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. ॲक्सल, टायर, कपलिंग या प्रत्येकाची भारक्षमता वेगळी असते आणि त्यातली सगळ्यात कमी जी, तीच अख्ख्या कॅरॅव्हानची मर्यादा. चासीचं वेल्डिंग अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यायला लावलंत. सुतारकाम, पत्रा, वायरिंग हे सगळं मात्र माझ्या हातून होऊ दिलंत. कधीही हातातून पाना काढून घेतला नाहीत.

आणि तो खडू! पत्रा आणण्याआधी जमिनीवर खऱ्या मापाची कॅरॅव्हान आखायला लावलीत. ओट्याच्या जागी खोकी, पलंगाच्या जागी सतरंजी, दाराच्या जागी पुठ्ठा. मग म्हणालात, "आता इथे एक सकाळ काढ. अंथरूण आवर, पातेलं उतरव, कपडे बदल, दुसऱ्याला बाहेर जाऊ दे." कागदावर ४५ सेंटिमीटरची वाट पुरेशी वाटते, पण दोन माणसं समोरासमोर आली की एकाला पलंगावर चढावं लागतं. वाट ५५ केली आणि ओट्याची खोली तेवढी कमी केली. कपाटाचं दार उघडलं की मुख्य दार अडतं हेही तिथेच दिसलं, म्हणून तिथे सरकतं दार आलं. पुठ्ठा कापायला दोन मिनिटं लागतात. पत्रा कापल्यावर तो परत जोडता येत नाही.

लाकडाचंही तसंच. टणक लाकडाच्या १८ मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक तक्ता ३० किलोच्या पुढे जातो. घरातल्या फर्निचरच्या सवयीने कपाटं केली असती तर अर्धी वजनमर्यादा कपाटांनीच खाल्ली असती. तुम्ही हलक्या पट्ट्यांच्या चौकटी करून त्यावर पातळ प्लाय लावायला शिकवलंत, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी ढिल्या होणार नाहीत अशा सांध्यांवर भर दिलात. एका विश्रांतीच्या वेळी १८८५ साली इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स यांनी हौसेच्या प्रवासासाठी बांधून घेतलेल्या 'वाँडरर' या घोड्यांच्या कॅरॅव्हानची गोष्ट सांगितलीत. तिचं वजन दोन टनांच्या घरात होतं. चढावर त्या दोन घोड्यांचे काय हाल होत असतील, हा विचार त्यानंतर प्रत्येक फळी उचलताना माझ्या मनात यायचा.

पाण्याचा बंदोबस्तही तुमचाच. छताला किंचित बाक, वरच्या पत्र्याची कड खालच्यावर, खिडक्यांच्या चौकटीखाली ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची पट्टी. खिडकीला सिलिकॉन लावू दिलं नाहीत, कारण त्याचा थर एकदा बसला की पुढे दुरुस्तीच्या वेळी त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही. आतल्या ओलीचं कारणही तुमच्यामुळेच कळलं. लोखंडी सांगाडा बाहेरून आतपर्यंत सलग आला तर थंडीत त्याच रेषेवर दव धरतं, मग बाकीच्या भिंतीत कितीही फोम भरा. म्हणून सांगाड्याच्या प्रत्येक नळीवर फोमची पट्टी आली, आणि हवा खेळायला खाली एक, वर एक झरोका. खालचा झरोका बंद करायचा मोह थंडीत कुणालाही होईल. करू नये.

गॅसपेटीबद्दल तुम्ही एकदाच बोललात, पण आवाज चढवून. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून पेटी आतल्या खोलीपासून पूर्ण बंद आणि तिच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक. गॅस नीट जळला नाही तर होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडसाठीचा अलार्मही त्याच दिवशी यादीत चढला.

वायरिंगमध्ये १२ व्होल्टचा पाठ मिळाला. १२० वॅटचं उपकरण १० अँपिअर ओढतं. ५ मीटर अंतरावर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर नेली तर जाऊन-येऊन सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातात, सहाची नेली तर ०.३ च्या आत राहतं. आणि फ्यूज बॅटरीला खेटून, कारण तो वायरीच्या रक्षणासाठी असतो.

या सगळ्याचा मोबदला तुम्ही घेतला नाहीत. चूक-बरोबर सांगण्याआधी कारण सांगितलंत, आणि मी तेच पुन्हा विचारलं तरी पुन्हा सांगितलंत. त्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

वहीची एक प्रत सोबत पाठवते आहे. शेवटच्या पानावर एक नवा हिशोब आहे. छतावर ११ किलोचं आणखी एक सोलर पॅनेल बसवायचा विचार आहे, ॲक्सलच्या पुढे ३० सेंटिमीटरवर. कपलिंगवर सव्वा किलोच्या आतच वाढ होते आहे आणि एकूण वजन ९८९ होतं, पण ते वजन सगळ्यात उंचावर येणार म्हणून मन होत नाही. सवडीने बघून कळवाल का? तोवर छताला भोक पाडत नाही.

तुमची कृतज्ञ,
वहीवाली पुतणी