जीपीएस द्या, पण सोबत पाण्याच्या खोलीचा कागदही द्या : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मत्स्यसंपदा योजनेतून नौकांना सुरक्षा साहित्य मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून देशभरात नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर (उपग्रहाद्वारे नौकेचे स्थान कळवणारी यंत्रे) बसवण्याचा कार्यक्रमही सुरू झाला. चांगलेच आहे. पण हातातला जीपीएस संच तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) आपण कुठे आहोत एवढेच सांगतो. पाण्याखाली काय आहे, हे नकाशाचे काम. स्वस्त संचात मुळात किनाऱ्याची नुसती रेघ असते. खोली नाही, खडप (पाण्यातला खडक) नाही. सागरी नकाशाचे कार्ड बहुधा वेगळे विकत घ्यावे लागते. म्हणून अनुदानाच्या यादीत संचासोबत कार्डही असावे, ही पहिली मागणी.

कार्ड असले तरी दोन खोड्या उरतातच. नकाशा लहान केला की छोटे खडक पडद्यावरून गायब होतात. उलट कितीही मोठा केला तरी मूळ सर्वेक्षणापेक्षा तो अचूक होत नाही. त्यात 'गो टू' (निवडलेल्या ठिकाणाकडे जा) दाबले की संच सरळ रेघ आखतो. ती रेघ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांवरून गेली तरी संचाला त्याचे काही नाही. मालवणात शिरताना वळणांचे बिंदू आधीच नोंदवून त्यांचा मार्ग लावावा लागतो, आणि ते बिंदू नकाशावर खोली पाहूनच ठरतात.

सर्वांत मोठा घोळ आकड्यांचा. १६ अंश ३ मिनिटे ३० सेकंद म्हणजे १६ अंश ३.५०० मिनिटे. ते कुणी ३.३०० असे भरले, तर ०.२ मिनिटांची, म्हणजे सुमारे ३७० मीटरची चूक होते. रात्री १५५४ वर तटरक्षक दलाला असे स्थान कळवले, तर शोध भलतीकडे सुरू होतो. वाटप होणारा प्रत्येक संच 'अंश आणि दशांश मिनिटे' आणि डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस स्थाने ज्या आधारावर मोजते ती पद्धत) वर लावूनच द्यावा. जुन्या छापील नकाशांचा आधार वेगळा असू शकतो. स्थान किती सरकवायचे ते नकाशावरच्या टिपेत दिलेले असते. ती टीप कुणी वाचत नाही.

कागदाचीही अडचण आम्ही लपवत नाही. पूर्ण आकाराचा नकाशा छोट्या नौकेवर पसरायला जागा नसते आणि तो भिजतो. म्हणून डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या परवानगीने प्रत्येक बंदराच्या प्रवेशाचे ए-३ लॅमिनेट पत्रक काढा. त्यावर खोली, खडप, दीपगृह, चार-पाच वळणबिंदू आणि आवृत्तीची तारीख हवी. सोबत ग्रीस पेन्सिल आणि डिव्हायडर. दर तासाला वेळ, स्थान, दिशा आणि वेग लिहायचा. संच बंद पडला तर शेवटच्या नोंदीपासून हिशेब होतो: ६ नॉट (तासाला ६ सागरी मैल) वेगाने ४० मिनिटे म्हणजे ४ सागरी मैल. हे अंतर नकाशाच्या बाजूच्या अक्षांशपट्टीवर मोजायचे, कारण तिथे अक्षांशाचे १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल. खालच्या रेखांशपट्टीवर मोजले तर चुकते. दिशा होकायंत्राची, आणि त्याच्याशेजारी रेडिओचा स्पीकर ठेवला तर तीही खोटी!

संच बंद का पडतात? इंजिन सुरू करताना बॅटरीचा विद्युतदाब क्षणभर उतरतो आणि वायरने जोडलेला संच रीस्टार्ट होतो. जोड खाऱ्या हवेने गंजतात. संचासोबत फ्यूज असलेली वायर आणि सीलबंद पिशवीत सुटे सेल द्यावेत.

आता खाडीच्या तोंडांबद्दल. तिथली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. दाभोळ असो वा देवबाग, आदल्या वर्षीचा नकाशा, मग तो कागदी असो वा पडद्यावरचा, तिथे भरवशाचा नाही. शिवाय नकाशातली खोली साधारण मोठ्या ओहोटीच्या पाणीपातळीपासून धरलेली असते. भरती त्यात मिळवायची आणि लाटेचा खोलगा वजा करायचा. समजा, नकाशावर ०.६ मीटर आणि भरती १.८ मीटर, तर पाणी २.४ मीटर. नौकेला दीड मीटर लागत असेल, तर उरले फक्त ०.९. मीटरभर उंचीच्या लाटांत हे अंतर फार नाही.

म्हणून मासेमारी बंदी उठण्यापूर्वी महाराष्ट्र सागरी मंडळाकडून मोठ्या खाड्यांच्या तोंडांची इको-साउंडरने (ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राने) मोजणी करवून घ्या. सुरक्षित वाटेचे बिंदू परवाना अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, मच्छीमार सोसायट्यांत आणि जेटीवर मराठीत, त्याच दशांश मिनिटांच्या पद्धतीत लावा. मोजणीची तारीख मोठ्या अक्षरात.

आपले,
किनारपट्टीवर नौकानयन शिकवणारे आम्ही काही जण