एक्स-रे डिजिटल झाला, वाचणार कोण?

मा. केंद्रीय श्रममंत्री यांस,
स.न.वि.वि.

आमच्या खाणीच्या दवाखान्यात नुकतंच डिजिटल एक्स-रे मशीनचं उद्घाटन झालं. फीत, नारळ, फोटो, सगळं यथासांग. किंमत कुणी तीस लाख सांगतं, कुणी साठ. अभिनंदन! त्याच मशीनवर माझ्या छातीचा एक्स-रे निघाला आणि परवा हातात कागद पडला: 'नॉर्मल'.

साहेब, अंडरग्राउंडमध्ये छताच्या दगडात ड्रिल मारण्यात माझा जन्म गेला. तेही कोरडं, कारण धूळ दाबणारी पाण्याची लाइन कायम बंद. आज अर्धा जिना चढलो की कठडा धरून उभा राहतो. रात्री आडवं होता येत नाही, भिंतीला उशी लावून बसूनच डोळा लागला तर लागतो. मधे टीबीचा अख्खा कोर्स गिळला, थुंकीत जंतू काही सापडला नव्हता. आणि आता म्हणे मी नॉर्मल!

चौकशी केली. ऑपरेटरने स्क्रीनचा फोटो मोबाइलवर काढून डॉक्टरांना पाठवला होता. सिलिकोसिससारख्या धुळीच्या रोगात फुप्फुसावरचे ठिपके दीड मिलिमीटरहूनही बारीक असू शकतात. ते मोबाइलवर बोटांनी ताणून दिसतात? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पद्धत आहे: मूळ फाइल चांगल्या मॉनिटरवर उघडायची, शेजारी नमुन्याच्या प्रतिमा ठेवायच्या, ठिपके किती दाट ते ताडून पाहायचं. २०११ पासून त्यात डिजिटल एक्स-रेही आहे. निदान माझी जुनी फिल्म तरी शेजारी ठेवा म्हटलं, तर ती 'रेकॉर्डला मिळत नाही'.

मिळेल कशी? रोग दिसला की कायद्याने सरकारला कळवावं लागतं, मागोमाग भरपाई येते. न दिसलेलाच स्वस्त पडतो. राजस्थानने २०१९ मध्ये या रोगासाठी धोरण केलं, निदान झालं की ३ लाख, मेल्यावर घरच्यांना २ लाख. आमच्या नागपुरात खाण कामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था होती, ती त्याच वर्षी अहमदाबादच्या संस्थेत विलीन करायचं तुमच्या सरकारने ठरवलं. ठेकेदाराच्या पोरांचं तर बी फॉर्मवर, म्हणजे खाणीच्या कामगार नोंदवहीत, नावच नसतं. नाव नाही म्हणजे फुप्फुसही नाही. आता चाळिशीपुढच्यांची दरवर्षी मोफत तपासणी होणार म्हणता. म्हणजे पाच वर्षांनी मिळणारा 'नॉर्मल' आता दरवर्षी मिळणार! मी लवकरच रिटायर होतोय, मग तोही नाही. हा रोग मात्र धूळ सुटल्यावरही वाढतो. आमच्या कोळशावर तुमचे एसी चालतात, आम्हाला साधा श्वास मागायला अर्ज लागतो, आणि अर्जाला आवक क्रमांकसुद्धा भांडून घ्यावा लागतो.

मला माझी मूळ फाइल द्या. ही पद्धत शिकलेल्या दोन डॉक्टरांना ती वेगवेगळी वाचू द्या. पेनड्राइव्ह मी घेऊन येतो, त्यासाठी टेंडर काढू नका.

आपला,
एक ड्रिलर, जि. चंद्रपूर